ट्रॉली गटारीच्या काठावरून अंगणात मागे घेताना या चुका टाळा

भाताची मळणी आटोपली की खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या गावांत पिंजर, म्हणजे भाताचे वाळलेले काड, घरी आणण्याची घाई सुरू होते. ट्रॉली अरुंद गल्लीतून मागे घेत, गटार ओलांडून, रस्त्यापेक्षा वीतभर उंच असलेल्या अंगणात चढवावी लागते. शिवारापासून गावापर्यंत भरलेली ट्रॉली बिनघोर आणणारा चालक नेमका या शेवटच्या दहा फुटांत अडकतो, कारण काठ चढणे हे इंजिनाच्या ताकदीचे काम आहे असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात इथे चाकाची उंची, काठाची उंची आणि ट्रॉली कोणत्या कोनातून येते यांचा हिशोब चालतो. पुढचे सगळे दोनचाकी ट्रॉलीविषयी आहे. चारचाकी ट्रॉलीचा पुढचा आस स्वतंत्रपणे फिरतो, त्यामुळे मागे घेताना ती दोन ठिकाणी मोडते, म्हणजे सांध्यात दुमडते. ती काठावरून मागे चढवण्याच्या भानगडीत पडूच नये, रस्त्यावरच रिकामी करावी.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे काठाकडे तिरपे जाणे. गल्ली बारा फुटांची असते, समोर शेजाऱ्याची भिंत किंवा विजेचा खांब असतो, ट्रॅक्टरचे तोंड पुरेसे फिरत नाही, आणि मग चालक जमेल त्या कोनातून ट्रॉली आत दामटतो. अशा वेळी एक चाक आधी काठावर चढते आणि दुसरे खालीच राहते. दोन चाकांमधले अंतर १५० सेंमी आणि काठ १५ सेंमी उंच असेल, तर जमिनीपासून तीन मीटरवर असलेला पिंजराचा माथा एका बाजूला सुमारे ३० सेंमी झुकतो. खालच्या बाजूचा टायर आणि पाटे (स्प्रिंग) दबल्यामुळे हा कल आणखी वाढतो. बांधणी सैल असेल तर भारा तिथेच कलंडतो, आणि शेणखतासारखा जड माल असेल तर जास्त वजन खालच्या चाकावर येते. त्याशिवाय तिरप्या चाकाचा टायर काठाला बगलेने घासतो. टायरची बगल हा त्याचा सर्वांत नाजूक भाग असतो.

म्हणून दोन्ही चाके काठाला एकाच वेळी टेकली पाहिजेत. त्यासाठी जागा कमी पडत असेल तर दोन-तीन वेळा पुढे-मागे करून ट्रॉली सरळ करण्यात कमीपणा नाही. मी स्वतः दोन्ही चाके टेकल्यावर थांबतो, खाली उतरतो आणि प्रत्येक चाकाच्या काठाकडच्या कडेपासून काठापर्यंत बोटे घालून पाहतो. एकीकडे दोन बोटे जात असतील आणि दुसरीकडे अजिबात जात नसतील, तर पुन्हा पुढे घेतो.

दुसरी चूक म्हणजे वेग. चाक काठाला अडले की लगेच थोडे पुढे जाऊन जोरात मागे येण्याचा मोह होतो. काठ किती अडवतो हे आकड्यांत पाहिले तर हा मोह आवरतो. चाकाची त्रिज्या ४५ सेंमी, काठ १५ सेंमी आणि चाकावर एक हजार किलो भार असेल, तर ते चाक सरळ ढकलून चढवण्यासाठी साधारण अकराशे किलोंचा आडवा रेटा लागतो, म्हणजे ते चाक उचलायला लागेल त्याहूनही जास्त. टायर दबत असल्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा उतरतो, पण तोच काठ पाच सेंमीचा असेल तर पाचशे किलोंच्या आसपास रेटा पुरतो. याचा अर्थ सरळ आहे: एका उंच पायरीच्या तीन बुटक्या पायऱ्या कराव्यात. जोरात आदळून चाक चढेलही, पण तो धक्का आस, पाट्यांचे यू-बोल्ट आणि हुकाची पिन यांना सोसावा लागतो, आणि टायर रिम व काठ यांच्यामध्ये चिमटला तर आतले धागे तुटून काही दिवसांनी बगलेवर फुगा येतो.

पायऱ्या करताना हाताला लागेल तो दगड टाकणे ही मात्र वेगळीच चूक ठरते. आमच्या भागात जांभ्याचे चिरे कुठेही पडलेले असतात, म्हणून तेच आधी उचलले जातात. खाणीतून नुकताच काढलेला जांभा मऊ असतो आणि हवेत राहूनच कठीण होत जातो. ताजा चिरा चाकाच्या कडेखाली भुगा होतो आणि विटेचेही तेच होते. जाड लाकडी ओंडके किंवा मातीने गच्च भरून तोंड शिवलेली पोती जास्त विश्वासाची असतात. ती काठाला अगदी चिकटून ठेवावीत, कारण मध्ये फट राहिली की चाक त्यांना बाहेर भिरकावते. दोन्ही चाकांखाली सारखीच उंची हवी. चढ जितका लांब तितका चांगला. १५ सेंमी उंचीसाठी निदान एक मीटर लांबी धरावी.

गटारीवरच्या फरशीचा विचार तर बहुतेक जण ती तुटल्यावर करतात, आणि त्यात मीही आलो. काही वर्षांपूर्वी शेणखताने भरलेली ट्रॉली मी काठाशी अगदी सरळ लावली होती आणि मनातून खूशही होतो. उजवे चाक मात्र दोन फरश्यांच्या सांध्यावर आले. आधी काठी मोडल्यासारखा आवाज झाला, मग ट्रॉली हळूच बसली, आणि चाक आसापर्यंत गटारीत गेले. खत फावड्याने उपसून ट्रॉली रिकामी करायला आणि जॅक लावून चाक वर घ्यायला अख्खी दुपार गेली. एकूण पाच टन वजनाच्या दोनचाकी ट्रॉलीत हुकावरचा भार वजा केला तरी प्रत्येक चाकाखाली दोन टन येतात. माणसे आणि दुचाकी यांच्यासाठी टाकलेली फरशी एवढा भार पेलत नाही. चाक सांध्यावरून किंवा फरशीच्या मोकळ्या कडेवरून कधीही जाऊ देऊ नये. फरशी दोन्ही भिंतींवर नीट टेकलेली आहे का ते आधी वाकून पाहावे. शंका असेल तर वरून गटारीच्या दोन्ही काठांपलीकडे पोहोचणारे जाड लोखंडी पत्रे किंवा चॅनेल आडवे टाकावेत, म्हणजे भार फरशीवर न येता भिंतींवर जातो.

स्टिअरिंगबद्दल थोडक्यात सांगायचे तर नवशिक्याने हात चाकाच्या खालच्या बाजूला धरावा. हात ज्या बाजूला जातो त्याच बाजूला ट्रॉलीची शेपटी जाते. वळण थोडे द्यावे आणि लगेच परत घ्यावे. ट्रॉली फार मोडली की मागे घेत राहून ती कधीच सरळ होत नाही, उलट ट्रॉलीची हुकाला जोडलेली दांडी ट्रॅक्टरच्या टायरला जाऊन भिडते. तिथे पुढे घेणे हाच उपाय असतो. गिअर सर्वांत खालचा, लो रिव्हर्स असावा, आणि क्लच पूर्ण सोडून इंजिनाच्या संथ गतीवर काम होऊ द्यावे. हाफ क्लचवर ट्रॉली काठाशी तोलून धरली की दोन मिनिटांत जळका वास येतो, आणि तो वास क्लच प्लेटचा असतो.

इशारा देणाऱ्या माणसाविषयी मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण आमच्याकडे गोंधळाला मराठी आणि कन्नड अशा दोन भाषा उपलब्ध आहेत. मागे उभा असलेला मदतनीस ‘बरली, बरली’ (कन्नडमध्ये ‘येऊ दे’) म्हणतो, शेजारचे काका ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणतात, मग एक जण ‘साकु’ (म्हणजे ‘पुरे’) ओरडतो आणि त्याच क्षणी दुसरा ‘अजून हातभर येऊ दे की रे’ म्हणतो. चालकाला इंजिनाच्या आवाजात यांतला शेवटचाच शब्द ऐकू येतो. इशारा एकानेच द्यावा, थांबण्याचा शब्द आधी ठरवावा आणि त्यासोबत हात उंच करावा. डावे-उजवे हे शब्द टाळावेत, कारण मागे वळून बसलेल्या चालकाचे डावे आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचे डावे एक नसते. ‘गोठ्याकडे’, ‘विहिरीकडे’ असे म्हटले की चूक होत नाही. मदतनीस आरशात दिसत नसेल तर ट्रॉली थांबलीच पाहिजे. ट्रॉली आणि भिंत यांच्यामध्ये कोणीही उभे राहू नये, आणि ओंडका सरकवायचा असेल तर आधी ट्रॅक्टर थांबवून, गिअर काढून, ब्रेक लावून मगच हात घालावा.

एक चाक चढले आणि दुसरे अडले, अशी अवस्था आलीच तर रेटू नये. हळूच पुढे घेऊन दोन्ही चाके खाली आणावीत आणि अडलेल्या बाजूचा चढ तपासावा. ट्रॅक्टरचेच मागचे एक चाक ओल्या मातीत जागच्या जागी फिरत असेल, तर आधी क्लच दाबून ते थांबू द्यावे, दोन्ही मागची चाके एकसारखी फिरवणारा डिफरन्शियल लॉक लावावा, सरळ रेषेतच मागे घ्यावे आणि वळण्यापूर्वी तो सुटला आहे याची खात्री करावी. दोन्ही चाके फिरत असतील तर बहुधा माल ट्रॉलीच्या मागच्या बाजूला जास्त भरलेला असतो. त्यामुळे दांडी हूक वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि पकड सुटते. थोडा माल पुढे ओढल्याशिवाय त्यावर इलाज नाही.

शेतातून येताना ब्रेकचे दोन पेडल सुटे राहिले असतील तर गल्लीत शिरण्यापूर्वी ते खिटीने जोडावेत. एकाच पेडलवर पाय पडला की ट्रॅक्टर एका बाजूला फिरतो आणि सरळ लावलेली ट्रॉली क्षणात तिरपी होते. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात, त्यामुळे अंगणात पोहोचताच दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावावेत.

पिन काढण्याची वेळ सर्वांत शेवटी येते, आणि तेव्हा सगळे दमलेले असतात. माल मागे झुकलेला असताना पिन उपसली तर दांडी झटक्याने वर उसळते, आणि पिन काढणारा नेमका तिच्यावर वाकलेला असतो. त्यामुळे आधी दांडीखालचा टेकू लावावा, मग मागच्या फळीखाली ओंडका ठेवावा, आणि पिन हाताने सहज फिरते का ते पाहावे. ती घट्ट अडकली असेल तर हुकावर खालून किंवा वरून ताण आहे असे समजावे, हातोडा बाजूला ठेवावा आणि मागची फळी उघडून आधी थोडा माल उतरवावा.