साताऱ्याचे जुने कागद शोधताना
साताऱ्यातील घराण्याचा किंवा गावाचा इतिहास शोधणाऱ्याने पुण्याची फेरी गृहीतच धरावी, कारण इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह पुढे डेक्कन कॉलेजात गेला आणि सातारकर महाराजांचे दफ्तर पुणे पुराभिलेखागारात आहे. मागणी नोंदवताना गाव, परगणा आणि अंदाजे साल लिहावे. रुमाल (कागदांचे कापडात बांधलेले गाठोडे) सोडल्यावर कागदांचा क्रम मोडू नये. टिपणे पेन्सिलीनेच घ्यावीत. मोडी वाचता आली तरी तारीख अडवतेच, कारण सन अरबी अंकशब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात शुहूर सन ११६१; शुहूर ही मराठेशाहीच्या कागदांवरची, मृग नक्षत्रापासून सुरू होणारी कालगणना. इसवी सन काढायचा तर मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदासाठी त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावेत (एका वर्षाची चूक बहुधा इथेच होते); त्यामुळे पानिपतचा जानेवारी १७६१ याच सनात पडतो.