प्लेस्टेशन २ चा जुना कंट्रोलर लॅपटॉपला जोडला

चवथीला भाचे फोंड्याला येणार, म्हणून माळ्यावरचा प्लेस्टेशन २ या जुन्या गेमयंत्राचा कंट्रोलर काढला. त्याची पिन यूएसबीसारखी नाही, चपटी, नऊ जागांची. आधी वाटलं, वायर कापून यूएसबीची पिन डकवू. बरं झालं, कात्री सापडली नाही! या कंट्रोलरची भाषाच वेगळी. मधे चिप असलेला अ‍ॅडॅप्टर लागतोच. म्हापशाच्या एका दुकानात मिळाला.

जोडला, तर लॅपटॉपला अ‍ॅडॅप्टर दिसला, पण एक बटण चालेल तर शपथ. ड्रायव्हर, म्हणजे अ‍ॅडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर, शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. मग पिनकडे नीट पाहिलं: आत हिरवट थर. आमच्याकडच्या पावसाळ्यात तांब्या-पितळेचं दुसरं काय होणार! आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकाडीवर घेऊन एकेक टोक हलक्या हाताने पुसलं, तासभर वाळू दिलं. बटणं चालली.

कंट्रोलरवरच्या, अंगठ्याने ढकलायच्या दोन काड्या मात्र अजून वेड्यासारख्या. थोडी ढकलली की गेममधली गाडी पूर्णच वळायची. मधलं ‘अ‍ॅनालॉग’ बटण दाबून लाल दिवा लागल्यावर त्या सुधारल्या. विंडोजमध्ये रन उघडून ‘joy.cpl’ टाइप केलं की कुठलं बटण दाबलं ते दिसतं. ही तपासणी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

बऱ्याच नव्या गेमना एक्सबॉक्स या दुसऱ्या गेमयंत्राच्या पद्धतीचा कंट्रोलर लागतो, तिथे स्टीम या गेमच्या अ‍ॅपच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये बटणं नेमून दिली. आता कंट्रोलर एक आणि भाचे तीन.