हालचाल गोठवायची की वाहू द्यायची: शूटचे काही प्रयोग

नवा प्रयोग हाती घेताना आधी एक ठरवा: फोटोतली हालचाल थांबवायची आहे की दिसू द्यायची आहे? आणि ते काम कोण करणार, शटर की फ्लॅश? हे स्पष्ट असेल तर सेटिंग्ज आपोआप ठरत जातात.

पाण्याच्या थेंबापासून सुरुवात करा. सगळं टेबलावर होतं आणि फ्रेम चुकली तर पुढचा थेंब तयारच असतो. गडद, पसरट ट्रे काठोकाठ भरा. कमी भरलात तर मागची कड फोटोत डोकावते. वर साधारण ४० सेंमीवर सलाईनची नळी टांगा आणि चकती फिरवून सेकंदाला एक थेंब पडेल असं करा. फोकससाठी ट्रेच्या काठांवर आडवी पट्टी ठेवा. पट्टीवरच्या ज्या आकड्यावर थेंब फुटतो, त्या आकड्यावर मॅन्युअल फोकस करा आणि पट्टी उचला. यानंतर फोकस रिंगला हात लावायचा नाही.

कॅमेरा ट्रायपॉडवर, एफ/११ (अॅपर्चर, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकार; आकडा मोठा तर छिद्र लहान), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, शटर १/२०० सेकंद. फ्लॅश मॅन्युअलवर, १/३२ ताकदीला. इथे थेंब शटर गोठवत नाही, फ्लॅश गोठवतो. बहुतेक छोट्या फ्लॅशमध्ये ताकद कमी केली की झोताचा काळही कमी होतो आणि १/३२ ला तो १/१०००० सेकंदाच्या आसपास येतो. पूर्ण ताकदीला तो कितीतरी लांबतो आणि थेंबाच्या कडा पुसट होतात. (काही स्टुडिओ फ्लॅशमध्ये हे उलटं असतं, माहितीपत्रक बघा.) हायस्पीड सिंक (फार जलद शटरसोबत फ्लॅश वापरण्याची सोय) बंदच हवं, कारण त्यात एका झोताऐवजी झोतांची मालिका सुटते. फ्लॅश बंद करून एक फ्रेम घ्या. ती पूर्ण काळी यायला हवी. काही दिसलं तर खोलीत उजेड जास्त आहे आणि थेंबामागे भुतासारखी सावली येणार.

फ्लॅश पाण्यावर नाही, मागच्या रंगीत कागदावर मारा. पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो, त्यामुळे रंग आणि चमक त्याला पार्श्वभूमीकडूनच मिळते. थेट मारलात तर पांढरे जळके ठिपके पडतात.

राहिलं टायमिंग. ४० सेंमी पडायला थेंबाला ०.२९ सेकंद लागतात. थेंबांची लय मोजत बटण दाबा. नुसता खळगा आला तर किंचित उशिरा दाबा, खळग्यातून उसळणारा पाण्याचा स्तंभ खचून वलयं उरली असतील तर किंचित लवकर. स्तंभ उंच हवा असेल तर लिटरभर पाण्यात पाव चमचा झँथन गम (पदार्थ दाट करणारी पूड) नीट घोटून, गाळून वापरा.

पॅनिंगमध्ये, म्हणजे हलत्या विषयाबरोबर कॅमेरा वळवत फोटो काढताना, फ्लॅश लागतच नाही. सायकलसाठी १/३०, मोटारीसाठी १/६०, कंटिन्युअस फोकस, आणि विषय तुमच्यासमोरून आडवा जाईल अशी जागा. पाय रोवून कमरेतून वळा आणि क्लिक झाल्यावरही वळत राहा. बहुतेकांचा फोटो बिघडतो तो इथेच, क्लिकबरोबर हात थांबतात. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ ला १/३० ठेवलं तर फोटो पावणेदोन स्टॉपने उजळ येतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावा किंवा सावलीतली जागा शोधा.

टॉर्च फिरवून काढलेल्या प्रकाशरेषांसाठी अंधार, एफ/८, आयएसओ १००, शटर ३० सेकंद. टॉर्चच्या उजेडात फोकस करून मॅन्युअलवर न्या, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद ठेवा. टॉर्च फिरवणाऱ्याने काळे कपडे घालावेत, सतत हलत राहावं आणि आपल्या अंगावर उजेड पडू देऊ नये. रेषा जळून पांढरी झाली तर शटरची वेळ कमी करून उपयोग नाही, कारण तिची तीव्रता टॉर्चच्या वेगावर आणि अॅपर्चरवर ठरते: हात जलद चालवा किंवा एफ/११ करा.

गोठलेला विषय आणि वाहती हालचाल, दोन्ही गोष्टी एकाच फ्रेममध्ये हव्या असतील तर अर्धा सेकंद शटर ठेवून फ्लॅश रिअर कर्टनवर (शटर बंद होण्याच्या अगदी आधी उडणारा) टाका. पुढे धावणाऱ्या माणसाची रेघ तेव्हा त्याच्या मागे उमटते. फ्रंट कर्टनला (फ्लॅश शटर उघडताच उडतो तेव्हा) ती पुढे येते आणि माणूस उलटा पळतोय असं दिसतं.