किंग्स्टनचे रास्ता पडद्यावर पाहताना

माहितीपटांच्या अभ्यासाकडे नव्याने वळलेली मुलं विचारतात, रास्ताफारींवर, म्हणजे जमैकातल्या ‘रास्ता’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धार्मिक पंथाच्या लोकांवर, काम करायचंय, सुरुवात कुठल्या फिल्मपासून करू? मी म्हणते, आधी जमैकाची राजधानी किंग्स्टनचा नकाशा उघडा. शहराच्या पश्चिम भागात बॅक-ओ-वॉल नावाची झोपडवस्ती होती. रास्ता तिथे मोठ्या संख्येने राहत. एप्रिल १९६६मध्ये इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी किंग्स्टनला आले. रास्ता त्यांना देव मानतात, त्यामुळे विमानतळावर माणसांचा पूर लोटला. त्याच वर्षी सरकारने बॅक-ओ-वॉलवर बुलडोझर फिरवले आणि तिथे टिवोली गार्डन्स वसवलं. हे ठाऊक नसेल, तर नंतरच्या चित्रीकरणातल्या पत्र्याच्या खोल्या म्हणजे यांची आवडीची साधी राहणी, असं वाटून जातं.

मग किंग्स्टनच्या रास्तांवरचा १९६०चा विद्यापीठ अहवाल वाचा. तो करा म्हणून काही रास्तांनीच विद्यापीठाला गळ घातली होती. स्मिथ, ऑगियर आणि नेटलफर्ड या तिघांनी अवघ्या दोन आठवड्यांत पाहणी केली. तरी त्यात जिवंत माणसं भेटतात: काम मागणारी, पोलिसांना विटलेली, आफ्रिकेत परतायची आस धरून बसलेली.

आता फिल्म. टीव्हीवरचे कितीतरी माहितीपट जटा आणि गांजाच्या धुरापासून सुरू होतात. मला जास्त राग येतो तो ढोलांच्या बाबतीत. न्याबिंगीत, म्हणजे रास्तांच्या ढोल-भजनाच्या उपासनेत, तीन ढोल असतात: बास, फुंडे, रिपीटर. फुंडेवाला दोन थापांची लय तासन् तास सोडत नाही, रिपीटर तिच्यावर खेळतो आणि त्या आधाराने भजन चढत जातं. संकलक यातले काही सेकंद उचलतो, वर निवेदन चढवतो आणि उपासनेचं पार्श्वसंगीत करून टाकतो. म्हणून फिल्म एकदा नुसती ऐका आणि आवाज कुठे कुठे खाली केलाय ते टिपत चला.

तुलनेसाठी २०११चा ‘बॅड फ्रायडे’ जरूर पाहा. १९६३मध्ये माँटेगो बेजवळच्या कोरल गार्डन्समध्ये काही रास्ता आणि पोलिसांत हिंसक चकमक झाली; त्यानंतर पोलिसांनी रास्तांची धरपकड केली, त्यांना मारहाण केली. ज्यांनी ते सोसलं, ते ज्येष्ठ रास्ता इथे स्वतः बोलतात. सरकारने २०१७मध्ये त्याबद्दल माफी मागितली.

स्त्रिया मात्र शोधाव्या लागतात. बहुतेकदा त्या फ्रेमच्या कडेला, स्वयंपाक करताना किंवा मुलं सांभाळताना दिसतात. प्रबंधाला विषय हवा असेल तर इथे भरपूर काम पडलंय. फिल्म संग्रहालयाला पत्र लिहाल तेव्हा रशेस, म्हणजे संकलनाआधीचं कच्चं चित्रीकरण, शिल्लक आहेत का, हे नक्की विचारा. तयार फिल्ममध्ये बऱ्याचदा नुसती उत्तरं उरतात. मुलाखतकाराने विचारलं काय होतं, ते रशेसमध्ये ऐकू येतं.