युद्धावर वाद घालायला उभे राहताय? या चुका टाळा

गड्ड्याची यात्रा उठली की आमच्या सोलापुरात वादविवाद स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. अधूनमधून कुणीतरी संयोजक तोच विषय पुन्हा बाहेर काढतो: ‘जनतेला नकोशा झालेल्या युद्धात विरोधकांनी सरकारची अडवणूक करणे समर्थनीय आहे.’ विषय झकास आहे, तक्रार विषयाबद्दल नाही. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटहून पोरं एसटीनं येतात, आवाज खणखणीत असतात, हातवारे पाठ असतात. पण परीक्षकाच्या खुर्चीत बसून त्याच त्या चुका ऐकून कान किटले. आदल्या रात्री मोबाइलवरून तयार भाषण उतरवून आणणाऱ्यांना यातलं काही पटणार नाही, त्यांनी पुढं वाचलं नाही तरी चालेल.

मतं किती पडली ते सांगायचं, किती लागत होती ते नाही

ही माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक. या विषयावर इराक युद्धाचं उदाहरण येतंच येतं, आणि तिथंच घात होतो.

मागे पार्क चौकाजवळच्या एका सभागृहात स्पर्धा होती. इंजिनिअरिंगचा एक मुलगा, घरी तेलुगू बोलणारा, पण मराठी ऐकत राहावं अशी. तो गरजला, “१८ जुलै २००७! अमेरिकेच्या सिनेटनं सैन्य माघारीचा ठराव ५२ विरुद्ध ४७ मतांनी मंजूर केला, आणि बुश यांनी तो पायदळी तुडवला!” टाळ्या. समोरच्या बाजूला मंगळवेढ्याची एक शांत मुलगी होती. तिनं एवढंच विचारलं, “मंजूर झाला ना? मग राष्ट्राध्यक्षांकडे सहीला कधी गेला?”

पोरगा गडबडला. खंडनाच्या फेरीपर्यंत त्यानं मोबाइलवर मतदानाची यादी शोधली आणि दुप्पट आवाजात परत आला. “विरोधी ४७ मतांत कुणाचं नाव आहे माहीत आहे? हॅरी रीड! डेमोक्रॅटिक बहुमताचा नेता! स्वतःच्याच पक्षाचा नेता फितूर झाला!” यावर तर मागच्या बाकांनी शिट्ट्या मारल्या.

दोन्ही वाक्यं चूक. आकडे मात्र अगदी बरोबर. म्हणूनच ही चूक पकडायला अवघड.

झालं होतं असं. नोव्हेंबर २००६ च्या निवडणुकीत युद्धाला कंटाळलेल्या मतदारांनी अमेरिकी संसदेची दोन्ही सभागृहं, म्हणजे प्रतिनिधीगृह आणि सिनेट, डेमोक्रॅट्सच्या हाती दिली. त्यावर जानेवारीत रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सैन्य कमी करायचं सोडून वीस हजारांहून जास्त जादा सैनिक पाठवायची घोषणा केली. प्रतिनिधीगृहानं फेब्रुवारीत २४६ विरुद्ध १८२ मतांनी नापसंती नोंदवली, पण ती नुसती नापसंतीच, बंधनकारक काही नाही. सिनेटमध्ये दोन अपक्ष धरून डेमोक्रॅट्स ५१, रिपब्लिकन ४९. आता सिनेटचा नियम असा की चर्चा थांबवून मतदान घ्यायचं तर आधी १०० पैकी ६० जणांनी चर्चा थांबवायला होकार द्यावा लागतो. हे साठ जमू न देता चर्चा लांबवत मतदान अडवायचं, यालाच फिलिबस्टरचा खेळ म्हणतात. १८ जुलैचं मतदान माघारीवर नव्हतंच. संरक्षण खात्याच्या विधेयकाला सुचवलेल्या माघारीच्या दुरुस्तीवरची चर्चा थांबवावी की नाही, यावर ते होतं. ६० हवी होती, ५२ पडली. दुरुस्ती तिथंच अडकली. आदल्या रात्रभर सभागृह चालू ठेवलं होतं, सिनेटर्सना आडवं व्हायला खाटा आणून टाकल्या होत्या, टीव्हीवाल्यांची चंगळ झाली. निष्पन्न काही नाही.

आणि रीड? हरलेल्या मतदानाचा फेरविचार करा असं मागायचा हक्क ज्या बाजूची सरशी झाली तिच्याच सदस्याला असतो. म्हणून हार दिसू लागली की बहुमताचा नेता मुद्दाम आपलं मत फिरवतो, म्हणजे पुढं तो विषय पुन्हा काढता येतो. रीड यांनी तेच केलं. गद्दारी नव्हे, सभागृहातली नेहमीची चाल. पोरानं यादी शोधली, पण यादी नुसती पाहिली. लग्नपत्रिका वाचून जेवल्याचा ढेकर द्यावा, तसं हे.

त्याच्या हातून खरा मुद्दा निसटला, याचं मला जास्त वाईट वाटलं. मतदानानंतर रीड यांनी संरक्षण खात्याचं ते सगळं विधेयकच बाजूला ठेवलं. मग रिपब्लिकन म्हणू लागले, बघा, अडवणूक हेच करतायत. आता सांगा, अडवणूक कुणाची? साठच्या नियमाआड बसलेल्या अल्पमताची, की अख्खं विधेयक बाजूला सारणाऱ्या बहुमताची? यावर बोलला असता तर बक्षीस त्याचं होतं.

माझी स्वतःची सवय सांगतो, पद्धत वगैरे म्हणू नका. वहीचं पान आडवं धरतो आणि प्रत्येक मतदानासाठी चार रकाने पाडतो: मतदान नेमकं कशावर, पडली किती, लागत होती किती, दुसऱ्या दिवशी काय झालं. चौथा रकाना रिकामा राहिला तर ते उदाहरण मी भाषणात घेऊच देत नाही. पोरं कुरकुरतात, “सर, एवढा वेळ नाही.” वेळ नसेल तर उदाहरण एकच घ्या. पाच अर्धवट उदाहरणांची माळ ओवणाऱ्याला मी मार्क देत नाही, हे आता सगळ्या तालुक्यांना ठाऊक आहे.

बुश यांनी खरोखर धुडकावलेलं विधेयक वेगळं होतं, तेही इथंच नोंदवून ठेवा. सुमारे १२४ अब्ज डॉलरच्या युद्धखर्चाला माघारीचं वेळापत्रक जोडलेलं विधेयक दोन्ही सभागृहांत पास झालं आणि १ मे २००७ रोजी बुश यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. तो मोडायला दोन तृतीयांश मतं लागतात. प्रतिनिधीगृहात पडली २२२ विरुद्ध २०३. बहुमत आहे, पण पुरेसं नाही. महिनाअखेर वेळापत्रकाविना पैसे मंजूर झाले, सिनेटमध्ये ८० विरुद्ध १४ अशा मतांनी. ‘सैनिकांची रसद तोडली’ हा शिक्का कपाळावर घ्यायची तयारी फार थोड्यांची होती.

पक्ष म्हणजे एक गठ्ठा समजणं

“डेमोक्रॅट्सनी पहिल्यापासून युद्धाला विरोध केला.” नाही केला. ऑक्टोबर २००२ मध्ये युद्धाचा अधिकार देणारा ठराव सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ असा झाला, त्या ७७ मध्ये २९ डेमोक्रॅट होते. उलट जुलै २००७ च्या त्या रात्रीनंतर हेगल, स्मिथ, स्नो आणि कॉलिन्स या चार रिपब्लिकन सिनेटर्सनी डेमोक्रॅट्सच्या बाजूनं मत दिलं. नावं पाठ करा, पक्ष आपोआप समजतील.

व्हिएतनामचं युद्ध ‘पैसे तोडून थांबवलं’

अमेरिकेचं लढाऊ सैन्य मार्च १९७३ मध्ये परतलं. पैशांवरची ठाम बंदी लागू झाली १५ ऑगस्ट १९७३ ला. क्रम बघा, मग बोला. आणि राष्ट्राध्यक्षांना व्हिएतनाममध्ये लष्करी कारवाईची मोकळीक देणारा १९६४ चा टोंकिन आखाताचा ठराव आठवा. प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. त्या दिवशी कुणी अडवणूक केली नाही, हीच पुढच्या कित्येक वर्षांची अडचण होऊन बसली. या एका आकड्यावर प्रतिकूल बाजूच्या वक्त्याचा घाम काढता येतो.

अमेरिकेचा नियम उचलून दिल्लीत ठेवणं

“आपल्या राज्यसभेनंही फिलिबस्टर करून युद्धाचा पैसा रोखला पाहिजे.” हे वाक्य मी ऐकलंय, शपथेवर सांगतो. राज्यसभा धन विधेयक फार तर चौदा दिवस ठेवू शकते, नंतर ते मंजूर झालं असंच धरतात. आपलं मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं, लोकसभेचा विश्वास गेला की सरकार गेलं. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष असा मतदानानं जात नाही, म्हणून तिथं भांडण पैशांवर आणि वेळापत्रकावर येतं. एवढा फरक दोन वाक्यांत सांगता आला नाही तर परदेशी उदाहरणाला हात लावू नका.

प्रश्न विचारणं म्हणजे खोडा घालणं

दुसरी मोठी चूक, आणि ही वक्त्यांपेक्षा श्रोत्यांमध्ये जास्त. ‘युद्ध चालू असताना तोंड मिटून बसावं, हिशेब नंतर’ हे वाक्य इतक्या आत्मविश्वासानं फेकलं जातं की समोरचा गप्पच होतो. गप्प होऊ नका, १९६२ काढा.

महाराष्ट्रात १९६२ म्हटलं की एकच ओळ येते: हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, संरक्षणमंत्री झाले. छाती फुगते, टाळ्या पडतात, वक्ता खाली बसतो. अहो, पण ती खुर्ची रिकामी कशी झाली? हे विचारल्यावर दहापैकी नऊ पोरं माझ्याकडे बघत राहतात.

चिनी हल्ला झाला २० ऑक्टोबरला. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री. सैन्याकडे धड गरम कपडे नव्हते, सीमेवरच्या बातम्या वाईट होत्या, आणि मेनन यांना घालवा म्हणणाऱ्यांत विरोधक होतेच, पण खुद्द काँग्रेसचे खासदार मागे नव्हते. ३१ ऑक्टोबरला नेहरूंनी संरक्षण खातं स्वतःकडे घेतलं. ७ नोव्हेंबरला मेनन मंत्रिमंडळातूनच बाहेर पडले. दुसऱ्याच दिवशी, ८ नोव्हेंबरला, संसद बसली. अधिवेशन लवकर बोलवा असा आग्रह धरणाऱ्यांत तेव्हाचे राज्यसभेतले तरुण वाजपेयी होते. चर्चा दिवसेंदिवस चालली, आणि हे सगळं सैन्य डोंगरात लढत असताना. शस्त्रसंधी त्यानंतरची. म्हणजे सह्याद्री धावला तो संसदेतल्या आणि पक्षातल्या प्रश्नांनी वाट मोकळी केली म्हणून.

पुढचंही सांगा. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आणला. ६२ विरुद्ध ३४७ मतांनी तो पडला. मग तो फुकट गेला का? माझ्या मते मुळीच नाही. सरकारला सभागृहात उभं राहून दिवसचे दिवस उत्तरं द्यावी लागली, ठरावाचं काम तेच होतं. सप्टेंबरमध्ये चव्हाणांना नेफातल्या, म्हणजे आजच्या अरुणाचलातल्या, पराभवाच्या चौकशीवर संसदेत निवेदन करावं लागलं. त्या चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल मात्र सरकारनं आजतागायत अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. यशवंतरावांचा अभिमान मलाही आहे, पण अभिमानानं चौथा रकाना भरत नाही.

ब्रिटनचं उदाहरण हवं तर मे १९४० चं घ्या. नॉर्वेतल्या अपयशावर चर्चा झाली, पंतप्रधान चेंबरलेन यांचं सरकार २८१ विरुद्ध २०० मतांनी जिंकलं. स्वपक्षाचेच कितीतरी खासदार विरोधात गेले किंवा गैरहजर राहिले, आणि जिंकूनही चेंबरलेन १० मे रोजी पायउतार झाले. त्याच दिवशी जर्मन फौजा हॉलंड-बेल्जियममध्ये घुसल्या होत्या. ‘युद्धात नेतृत्व बदलत नसतात’ म्हणणाऱ्याला ही तारीख सांगा आणि पाणी प्या.

अडवणूक आणि जाब यांतला फरक ओळखायची माझी खूण साधी आहे. ज्याला उत्तर मिळालं की जो खाली बसतो, तो जाब विचारतोय. उत्तर मिळालं तरी जो उठून उभाच राहतो, तो खोडा घालतोय. काही प्राध्यापक मित्रांना ही विभागणी ढोबळ वाटते. वाटू दे, स्पर्धेत सहा मिनिटं असतात.

बारीकसारीक

वाजपेयींनी इंदिराजींना ‘दुर्गा’ म्हटल्याचा दाखला देऊ नका. आपण तसं म्हटलंच नव्हतं, असं त्यांनी स्वतः नंतर सांगितलंय.

प्रत्येक भाषणाची सुरुवात सोलापूरच्या चार हुतात्म्यांपासून आणि इथल्या १९३० च्या मार्शल लॉपासून करू नका. त्यांना नमस्कार चौकात करावा. या विषयात तो दाखला बसत नाही, कारण तेव्हा सरकारला जाब विचारायला लोकांनी निवडलेली संसदच नव्हती.

‘सैनिकांचं मनोधैर्य खचतं’ हा मुद्दा घेणार असाल तर कुठल्या चर्चेनं, कधी, ते सांगा. नुसतं खचवू नका.

संसदेतली जुनी भाषणं आता इंटरनेटवर पूर्ण मिळतात. त्यांचा कुणीतरी केलेला तीन ओळींचा सारांश वाचून येणारे लगेच ओळखू येतात.

‘समिती नेमली म्हणजे जबाबदारी झाली’

कारगिलचं उदाहरण देणारे इथं थांबतात. जुलै १९९९ अखेर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, फेब्रुवारी २००० मध्ये तिचा अहवाल संसदेत ठेवला, काही भाग वगळून. चांगलंच झालं. पण युद्ध चालू असताना काय? वाजपेयी सरकार १७ एप्रिलला एका मतानं पडलं होतं, लोकसभा विसर्जित, सरकार काळजीवाहू. “उत्तर मागायला संसदच नव्हती” असं एका वक्त्यानं ठणकावून सांगितलं, आणि समोरच्या तिघांपैकी कुणालाही सुचलं नाही की राज्यसभा कधी विसर्जित होत नसते. विरोधक तेव्हा राज्यसभेचं खास अधिवेशन मागत होते. सरकारनं ते बोलावलं नाही, सर्वपक्षीय बैठकांवर भागवलं.

अनुकूल बाजू मिळाली तर म्हणा, प्रश्न विचारायचं दारच बंद ठेवलं की अडवणुकीशिवाय हातात उरतं काय. प्रतिकूल मिळाली तर म्हणा, अधिवेशनाविना युद्ध जिंकलं आणि चौकशीही झाली. दोन्हीकडून चालणारं उदाहरण आहे, आणि सोलापुरात ते अजून कुणी नीट वापरलेलं नाही.