सीझनच्या आधी: टॅक्सीवाल्याच्या इंग्रजीची तयारी

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली की गोव्यात आमच्या पेडण्यात पर्यटकांच्या सीझनसाठी गाड्यांची कामं निघतात. कोण टायर बदलतो, कोण सीटकव्हर, कोण गाडी पासिंगला नेतो. 2023 च्या जानेवारीपासून मोपाला विमानं उतरायला लागली आणि आमच्या वाड्यावरच्या पोरांनाही पिवळ्या नंबरप्लेटीचं वेड लागलं. यंदा माझा भाचा पहिल्यांदा टॅक्सी घेऊन बाहेर पडतोय. गाडीची यादी त्याने स्वतः केली. इंग्रजीची मी करून दिली, ती ही.

सगळ्यात आधी आपलं घरचं इंग्रजी बाजूला काढायचं. आपण दिवसभर गाडीविषयी इंग्रजीच बोलतो, फक्त ते इंग्लंडच्या माणसाला कळत नाही. डिकी म्हटलं की तो तोंडाकडे बघत राहतो. जुन्या दोन माणसांच्या मोटारींना मागे उघडणारी एक जादा सीट असायची, तिला डिकी म्हणत. ती सीट गेली, नाव आपल्याकडे उरलं. ब्रिटिशाला सांगायचं बूट, अमेरिकनाला ट्रंक. स्टेपनीचंही तसंच. पूर्वी गाडीला जादा चाक नसायचंच. 1904 च्या सुमाराला वेल्समधल्या लॅनेली गावात ते बनायला लागलं, कारखाना स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून स्टेपनी. तिकडे हा शब्द कधीच विसरले, तेव्हा स्पेअर व्हील किंवा स्पेअर टायर म्हणा. काच खाली करू का विचारताना ‘ग्लास’ म्हणू नका, त्यांचा ग्लास पिण्याचा असतो. विंडो म्हणा. सेल्फला स्टार्टर, स्पीडब्रेकरला स्पीड बम्प. टिंकरिंग, म्हणजे पत्र्याचे पोचे काढणं, हा शब्द मात्र गॅरेजातच ठेवा, पाहुण्याला त्याचं काही काम नाही.

मग जोड्या पाठ करायच्या, कारण इंग्रजीही दोन आहेत. बॉनेट तेच हूड, विंडस्क्रीन तीच विंडशील्ड, इंडिकेटर तोच टर्न सिग्नल, सर्कलला इंग्रज राउंडअबाउट म्हणतो. ह्या तशा निरुपद्रवी. घोळ होतो तो एकाच शब्दाचे दोन अर्थ असले की. अमेरिकन माणूस ‘गॅस’ म्हणाला तर त्याला पेट्रोल म्हणायचंय, सिलिंडर नव्हे. ‘फ्लॅट’ ऐकलात तर थांबून विचारा: अमेरिकनाचा फ्लॅट म्हणजे पंक्चर, पण ब्रिटिश ‘फ्लॅट बॅटरी’ म्हणतो तेव्हा बॅटरी उतरलेली असते. काळ्या प्लेटीवर पिवळी अक्षरं असलेली, स्वतः चालवायची भाड्याची गाडी घेऊन कोणी रस्त्याकडेला हात दाखवत उभा असेल, तर जॅक काढायचा की जंपर केबल, हे त्या एका शब्दावर ठरतं.

यादीतली सर्वांत मोठी बाब बोलण्याची नाही, ऐकण्याची आहे. गेल्या वर्षी भाच्याला शेजारच्या सीटवर बसवून मी एका जोडप्याला बेळगावला नेत होतो. केरी सोडली, चोर्ल्याचा घाट लागला. तिसऱ्या-चौथ्या वळणावर मागची बाई हळूच म्हणाली, “आय ॲम गेटिंग कारसिक.” माझं लक्ष समोरून येणाऱ्या ट्रकवर. भाच्याने मागे वळून तिला मोठ्या उत्साहात सांगितलं, “नो मॅडम, कार व्हेरी गुड, सर्व्हिसिंग डन.” आणि मला म्हणतो, “मामा, बाई म्हणते गाडी आजारी आहे.” पुढच्या वळणापर्यंत जे व्हायचं ते झालं. रस्त्याकडेच्या ओहोळावर मॅट धुताना त्याला शब्द समजावून सांगितला: गाडीत मळमळणे. आता तो त्याच्या वहीत पहिल्या ओळीला आहे, आणि गाडीत कागदी पिशव्याही आहेत.

त्याखाली इतर लिहिले. ‘पुल ओव्हर’ म्हणजे कडेला घेऊन थांबव. ओव्हरटेकशी त्याचा संबंध नाही. ‘बॅक अप’ म्हणजे रिव्हर्स घे. ‘क्रॅक द विंडो’ ऐकून घाबरायचं नाही, काच फोडायची नाही, दोन बोटं खाली करायची. अमेरिकन ‘पास हिम’ म्हणाला तर त्याला ओव्हरटेक करायचाय. ते करायचं की नाही हे तुम्ही ठरवा, घाटात तर नकोच.

हॉर्नसाठी एक वाक्य तयार ठेवा. तिकडे हॉर्न म्हणजे शिवी. आपण वळणावर वाजवतो ते समोरच्याला कळावं म्हणून, हे सांगितलं नाही तर पाहुण्याला वाटतं ड्रायव्हर तापट आहे. डाव्या बाजूचा विषयही युरोपवाले हमखास काढतात, पोर्तुगीजांचं राज्य होतं तर डावीकडून कसे? 1928 साली पोर्तुगाल उजवीकडे गेलं, पण गोवा डावीकडेच राहिला, कारण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान डावीकडून चालायचा. एवढं सांगितलं तरी खूश होतात.

सीटबेल्ट मागच्यालाही, हे नम्रपणे पण आधी सांगा. दंड 1000 रुपये आहे. आकडे बोलताना फिफ्टीन आणि फिफ्टी पुसट होतात, म्हणून वन-फाइव्ह, फाइव्ह-झीरो असं सुटं बोला आणि मोबाइलवर लिहून दाखवा. विमानतळ कोणता, हे निघण्याआधी विचारायचं, वाटेत नव्हे. नुसतं ‘गोवा एअरपोर्ट’ म्हणाले तर तिकीट मागा: जी ओ आय म्हणजे दाबोळी, जी ओ एक्स म्हणजे मोपा. म्हापशाला पोचल्यावर हे लक्षात आलं तर विमान चुकलंच समजा.

गाडी बंद पडली तर ‘ब्रेकडाउन’ म्हणा. पंक्चरला घाबरून ‘ॲक्सिडेंट’ म्हणालात तर मागे रडारड सुरू होते. खरंच काही झालं तर आधी ‘आर यू हर्ट?’, मग 112 किंवा 108, बाकी सगळं इंग्रजी नंतर.

उतरताना ‘थँक यू’ सगळेच म्हणतात. भाच्याला मी ‘हॅव यू गॉट एव्हरीथिंग?’ पाठ करायला लावलंय, आणि ते म्हटल्यावर लगेच गिअर टाकायचा नाही, पाहुण्याने पासपोर्टाचा खिसा चाचपेपर्यंत दार उघडं धरून उभं राहायचं.