अभिक्रियेचा वेग घरच्या ओट्यावर कसा मोजायचा

दहावीच्या विज्ञानात अभिक्रियेचा दर म्हणून जो भाग येतो ना, तो बहुतेक पोरं पाठच करतात. तापमान, कणांचा आकार, संहती (म्हणजे द्रावण किती तीव्र आहे ते), उत्प्रेरक (स्वतः न संपता वेग वाढवणारा पदार्थ), अभिक्रियाकारकांचं स्वरूप, पाच मुद्दे लिहिले की मार्क मिळतात आणि विषय संपला. आणि घरी प्रयोग म्हणाल तर सोड्यात व्हिनेगर ओतून फेसाचा ज्वालामुखी, व्हिडिओ काढला, स्टेटसला टाकला, झालं. फेस बघायला मजा येते पण त्यातून वेग काही कळत नाही, कारण किती फेस आला ही एक गोष्ट आणि किती वेळात आला ही दुसरी, आणि दर म्हणजे ही दुसरी. त्यामुळे या सगळ्या प्रकरणात मुख्य सामान काय असेल तर मोबाईलमधलं स्टॉपवॉच.

बाकी सामान पण फार नाही. मेडिकलवाल्याकडून पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांची एक नळी (चघळायच्या नकोत, त्या फसफसत नाहीत) आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी बाटली. बाटलीवर टक्केवारी बघून घ्या, बऱ्याचदा ६ टक्केवालं मिळतं. एक कच्चा बटाटा, एक उकडलेला, भांडी घासायचं लिक्विड, एकसारखे चार-पाच काचेचे ग्लास, थर्मामीटर असेल तर उत्तम, आणि ग्राफ पेपर. ग्राफ पेपर पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेलात तर मिळेलच, पण त्यासाठी मुद्दाम तिथल्या पार्किंगशी भांडायला जाऊ नका, गल्लीतल्या स्टेशनरीतही असतो.

सुरू करायच्या आधी एक नियम आणि हा नियम मोडला तर पुढचं सगळं वाया: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गरम पाण्यात गोळीची पूड टाकली आणि गार पाण्यात अख्खी गोळी, तर वेग कशामुळे वाढला ते देव जाणे. पाणी पण एकाच ठिकाणचं घ्या, एक ग्लास कॉर्पोरेशनच्या नळाचा आणि एक बोअरचा असं नको. आणि सगळी रीडिंग एकाच बैठकीत घ्या, कारण पुण्यात नळाचं पाणी डिसेंबरच्या सकाळी हात आखडेल इतकं गार असतं आणि एप्रिलच्या दुपारी टाकी तापून कोमट येतं, म्हणजे "साधं पाणी" असं वहीत लिहून काही अर्थ नाही, आकडा लिहा.

आता पहिला प्रयोग, तापमानाचा. तीन ग्लासात प्रत्येकी १०० मिली पाणी. एकात फ्रिजचं, साधारण १० अंशाचं, दुसऱ्यात नळाचं, तिसऱ्यात गरम, ५० अंशाच्या आसपास, त्याहून जास्त नको. प्रत्येकात एक अख्खी गोळी टाकायची आणि टाकल्या क्षणी वॉच चालू. थांबवायचं कधी हे आधीच ठरवा, मी म्हणेन गोळीचा घट्ट तुकडा पूर्ण दिसेनासा झाला की थांबवा, कारण बारीक बुडबुडे नंतरही बराच वेळ येत राहतात आणि मग प्रत्येक जण आपापल्या मनाने थांबवतो. चमच्याने ढवळू नका, किंवा ढवळायचंच असेल तर तिन्हीकडे सारखं ढवळा.

ग्लासात काय चाललंय? गोळीत खायचा सोडा आणि सायट्रिक आम्ल दोन्ही कोरडे असतात म्हणून नळीत एकमेकांशेजारी गुण्यागोविंदाने राहतात, पाणी मिळालं की विरघळतात, एकमेकांवर आपटतात आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. गरम पाण्यात गोळी बघता बघता संपते, फ्रिजच्या पाण्यात मात्र तळाशी बसून रेंगाळते, हे तर दिसेलच. नेमके सेकंद गोळीच्या कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे तुमचे आकडे मित्राशी जुळले नाहीत तरी चालतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण पुस्तकातल्या एका ओळीत ती हरवते. आपण म्हणतो तापमान वाढलं, कण जोरात पळायला लागले, टकरा वाढल्या, वेग वाढला. बरोबर आहे पण अर्धंच. २५ अंशावरून ३५ वर गेलात तर कणांचा सरासरी वेग जेमतेम पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढतो, हो, एवढाच, आणि अभिक्रियेचा वेग मात्र बऱ्याच अभिक्रियांत जवळजवळ दुप्पट होतो. मग बाकीचं कुठून आलं? तर प्रत्येक टक्कर उपयोगाची नसते, ठरावीक ऊर्जेच्या वर असलेलीच टक्कर जुने बंध तोडू शकते, या किमान ऊर्जेला सक्रियण ऊर्जा म्हणतात, आणि तापमान थोडंसं वाढलं तरी ही पातळी ओलांडणाऱ्या कणांची संख्या भराभर वाढते. हे गणितात बसवलं स्वीडनच्या स्वांते आऱ्हेनियसने, १८८९ साली, अकरावी-बारावीत त्याचं समीकरण भेटेलच. आपल्या गोळीत विरघळणं पण मध्ये येतं, त्यामुळे दर १० अंशाला बरोबर दुप्पट असा आकडा आला नाही म्हणून नाराज होऊ नका.

ग्राफ काढताना आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्यावर वेळ घेतलात तर रेघ खाली उतरेल आणि बघणारा गोंधळेल. त्यापेक्षा १ भागिले वेळ घ्या. समजा गार पाण्यात १२० सेकंद लागले आणि गरमात ४०, तर ०.००८३ आणि ०.०२५, म्हणजे तिप्पट वेग, आणि रेघ वर चढते.

दुसरा प्रयोग कणांच्या आकाराचा, हा पटकन होतो. पाणी तेच, तापमान तेच, एक गोळी अख्खी, एक चार तुकडे करून, एक खलबत्त्यात कुटून (खलबत्ता कोरडा करा नाहीतर तिथेच फसफसेल). पूड कधीकधी पाण्यावर गोळा होऊन तरंगते आणि उलटाच निकाल लावते, तेव्हा इथे तिन्ही ग्लास एकसारखे हलवा. कारण साधं, अभिक्रिया पृष्ठभागावर होते. २ सेंमीच्या घनाचा पृष्ठभाग २४ चौरस सेंमी, त्याचेच १ सेंमीचे आठ घन केले तर ४८. वस्तू तेवढीच, पाण्याला भिडणारी जागा दुप्पट. आणि हो, तिन्ही ग्लासातून शेवटी गॅस तेवढाच निघतो, परीक्षेत यावर हमखास फसवतात.

तिसरा उत्प्रेरकाचा, माझ्या मते सगळ्यात भारी. पेरॉक्साइडमध्ये तेवढंच पाणी घालून ६ टक्क्यांचं ३ करा. हातात मोजे, डोळ्याला चष्मा, मोठं माणूस शेजारी, कारण कातडीवर सांडलं तर चुरचुरतं आणि पांढरे डाग पडतात. एका उंच ग्लासात हे ३० मिली आणि घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. काही होत नाही. खरं तर होत असतं, पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन सतत होतच असतं पण इतकं सावकाश की दिसत नाही, प्रकाशाने ते वाढतं म्हणून बाटली गडद रंगाची. आता चमचाभर कच्चा किसलेला बटाटा टाका आणि बघा, फेस ग्लासच्या कडेने वर चढायला लागतो. ग्लासवर बोटभर उंचीवर पेनाने खूण करून ठेवा आणि फेस खुणेपर्यंत पोचायला किती सेकंद लागले ते मोजा. मग हेच ६ टक्क्यांवर करा, दीड टक्क्यावर करा, बटाटा तेवढाच ठेवून, म्हणजे संहतीचा मुद्दा पण यातच उरकला.

बटाट्यात कॅटालेज नावाचं एन्झाइम असतं, ते इथे उत्प्रेरक. ते अभिक्रियेला कमी सक्रियण ऊर्जेचा दुसरा रस्ता देतं, ऑक्सिजन जास्त बनवत नाही, लवकर बनवतं. वापरून संपत नाही हे बघायचं असेल तर फेस बसल्यावर किस गाळून घ्या आणि ताज्या पेरॉक्साइडमध्ये टाका, पुन्हा बुडबुडे येतात, थोडे मंद येतील कारण एन्झाइम हळूहळू खराब होतं. आणि आता उकडलेला बटाटा टाकून बघा. काहीच नाही! तापमान वाढलं की वेग वाढतो हे आत्ताच घोकलं होतं ना, पण एन्झाइम हे प्रथिन, उकळल्यावर त्याची घडीच मोडते, कडकडीत दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही तसंच हे.

उत्प्रेरकाचा विषय निघालाच आहे तर, पाषाण रोडवरून जाताना जी एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) दिसते, १९५० साली सुरू झालेली, तिथे झिओलाइट (बारीक छिद्रांची जाळी असलेली खनिजं) उत्प्रेरकांवर बरंच काम झालंय. आणि झिओलाइट खनिजं आपल्या वाघोलीकडच्या दगडखाणीतही सापडतात. कारखान्यात वापरतात ती बहुतेक मुद्दाम बनवलेली असतात, पण कुटुंब तेच.

काही गोष्टी मात्र अजिबात नकोत. फसफसणारं काहीही झाकण लावून बाटलीत कोंडायचं नाही, बाटली फुटते. पेरॉक्साइडमध्ये व्हिनेगर मिसळायचं नाही. ब्लीचिंग आणि टॉयलेट क्लीनरचं ॲसिड एकत्र आणायचं नाही, क्लोरीन सुटतो. प्रयोगाचं पाणी प्यायचं नाही, गोळी व्हिटॅमिनची असली तरी, सगळं भरपूर पाणी सोडून मोरीत ओता. मोरीला शहाबादी फरशी असेल तर आम्लाचं काहीही तिच्यावर सांडून ठेवू नका, तो चुनखडीचा दगड आहे, तोही फसफसतो आणि चमक कायमची जाते. सोडियम थायोसल्फेटमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल घालून कागदावरची फुली दिसेनाशी व्हायला किती वेळ लागतो तो प्रयोग शाळेच्या लॅबमध्येच करा, त्यात सल्फर डायऑक्साइड निघतो आणि आपल्या वन बीएचकेच्या किचनला तेवढी खिडकी नसते.